चिमा खारीचा झगझगीत दिवा

जंगलात कॅमेरे नुकतेच आले होते, त्या काळची ही गोष्ट. चिमा खारीला साळिंदराच्या लेकीच्या लग्नाचे फोटो काढायचं आणि मांडवात कर्णा लावायचं काम मिळालं. ती तडक अस्वलाच्या दुकानात गेली.

"सगळ्यात झगझगीत दिवा द्या, आणि सगळ्यात लांबचं ऐकणारा माइक!"

"लग्न कुठे, किती वाजता?" अस्वलाने विचारलं.

"ते तुम्हाला काय करायचंय? सामान दांडगं हवं!"

गोरज मुहूर्तावर चिमाने दिवा लावला, तसे भटजी घुबडाचे डोळे दिपले. त्यांनी नवरीचा हात नवरदेवाऐवजी त्याच्या मामाच्या हातात दिला. तेवढ्यात मांडवाच्या टोकाला नवरदेवाची आत्या शेजारणीच्या कानात कुजबुजली, "मुलगी जरा टोचरीच दिसते, नाही?" माइकने ते टिपलं आणि कर्ण्याने साऱ्या मांडवाला ऐकवलं. नवरीच्या बापाचे काटे उभे राहिले. वऱ्हाडी उठू लागले. आपल्यापायी लग्न मोडतंय, या धास्तीने चिमाच्या हातून दिवाच विझला.

मग नवरीच बोलली, "आत्याबाई, साळिंदराची लेक मऊ कुठून असणार? तुम्ही तरी कुठे कापसाच्या आहात?"

पहिल्यांदा आत्याच हसली, मग सगळा मांडव हसला. चिमाने माइक बंद केला आणि अगदी जवळ जाऊन समईच्या उजेडात तो हशा टिपला. भटजींनी हात नीट जुळवून लग्न लावलं, आणि दोन्ही घरांनी तोच फोटो भिंतीवर लावला.

पुढे कासव मुलाच्या मुंजीचं काम घेऊन आलं. "दिवा कुठला आणणार?" त्याने विचारलं.

"ते मग बघू," चिमा म्हणाली. "आधी सांगा, भटजी कोण आणि आत्या किती?"