गोमेचा थांबा

त्या राज्यात प्रत्येक वस्तीला कुठंतरी लवकर पोचायचं होतं; फक्त बोरींच्या मागच्या कासवांना नव्हतं. पाऊणशे पावलांवरच्या तळ्याला जायला त्यांना सकाळ लागे, यायला दुपार, आणि संध्याकाळी त्याच प्रवासाविषयी बोलणं होई.

तिथं विरोधाची एकच रीत होती. जे पटलं नाही त्याच्यासमोर मान आत घ्यायची. जो आधी बाहेर काढेल तो हरला. कोल्हा आला तेव्हा हीच रीत, शेजाऱ्याचं गाणं लांबलं तेव्हाही हीच.

एके दिवशी राज्याचा मोजणीदार बगळा आला. पाठीवर उतारू घेऊन राज्यभर धावणारी ती शंभर पायांची अजस्र गोम आता इथंही थांबणार, असं त्यानं सांगितलं. राजधानी अर्ध्या दिवसावर येणार होती. राजधानीत कासवांचं कुणी नव्हतं. थांबा वाळूच्या उंचवट्यावर होणार होता.

त्या वाळूत रेवतीची अंडी होती. रेवती नुकतीच लग्न होऊन वस्तीत आलेली. आठ दिवसांपूर्वी तिनं ती पुरली होती. साठाव्या दिवशी पिल्लं वर येणार होती, आणि तोवर अंडी हलवून चालत नाही.

"आत्याबाई, मी बोलू का त्यांच्याशी?" तिनं सासूला, भागाबाईंना, विचारलं.

"तू? अजून अंगाची हळद उतरली नाही तुझ्या! अगं, आम्ही सगळे मिळून अशा माना आत घेऊ ना, बगळ्याची चोच उघडीच राहील."

तिनं नवऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, विचार करून सांगतो. त्याचा विचार अजून चालूच आहे.

सुनावणीच्या दिवशी बगळ्यानं विचारलं, "कुणाचं काही म्हणणं?"

एकाच वेळी चाळीस माना आत गेल्या. वस्तीच्या आठवणीत एवढा कडक विरोध झाला नव्हता. एका कवचातून भागाबाईंचा दबका, समाधानी आवाज आला, "बघ म्हणावं आता!"

रेवतीची मान तेवढी बाहेर होती. "दोन महिने थांबा," ती म्हणाली. "माझी अंडी आहेत तिथं."

"अनुमोदन?" बगळ्यानं विचारलं.

तिनं मागं वळून पाहिलं. चाळीस गोल, गुळगुळीत पाठी. तिनं एकेकीवर टकटक केलं. "आत्याबाई, एकदाच मान बाहेर काढा. एवढं 'हो' म्हणा."

"आणि हरू?" आतून उत्तर आलं.

बगळ्यानं लिहून घेतलं: हजर एक, म्हणणं एकटीचं, अनुमोदन नाही.

आठवड्याभरात घुशी आल्या, तेव्हाही चाळीस माना आतच होत्या. उतारूंना उतरायला पायऱ्या हव्या होत्या आणि पायऱ्यांना दगड. एक घूस आजूबाजूला बघून म्हणाली, "बघा की, दगड इथंच पडलेत. लांबून आणायची कटकट गेली."

दुसरीनं एक उचलून पाहिला. "साहेब, गरम लागतोय हो हा."

"ऊन आहे," बगळा म्हणाला.

रेवती वाळूवर चारी पाय रोवून बसली. "ही जिवंत आहे, बाजूला करा," असा हुकूम झाला, आणि तिला नाल्यापलीकडं नेऊन ठेवलं. नाल्याचे काठ उभे होते. तिथून ती फक्त बघू शकत होती. तिच्या वाळूवर त्यांनी तिसरी पायरी बसवली. ती भागाबाई होती. वर चुना लावला. चुना लागतानाही भागाबाईंनी मान बाहेर काढली नाही.

गोम येऊ लागली. ससे, मुंगसं, खारी पायऱ्यांवरून उतरायचे, पाय पुसायचे, शांत वस्तीचं कौतुक करायचे. पलीकडं रेवती दिवस मोजत होती.

साठाव्या दिवशी सकाळी तिसरी पायरी हलली. एक ससा अडखळला. पायरी पुन्हा हलली, खालून कुणी ढकलावं तशी.

"अहो, पडलं असतं ना कुणी!" ससा ओरडला.

त्याच्या मागच्या मुंगसानं लगेच मान डोलावली. ही तक्रार तिथल्या तिथं नोंदली गेली. घूस धुम्मस घेऊन धावत आली, आणि पायरी पुरती स्थिर होईपर्यंत वरून ठोकत राहिली.