मामा येईपर्यंत

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्यांच्या घरी पाळणा हलला. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. विणकरणीला आभाळ ठेंगणं झालं.

तिचा एकुलता एक थोरला भाऊ बैलांच्या तांड्याबरोबर समुद्राकाठी मीठ आणायला गेला होता. भाची झाल्याचं कळताच त्यानं निरोप धाडला, "उष्टावण मीच करणार. पहिला घास मामाच्या हातचा. सातव्या महिन्याच्या आत येतो." त्या मुलखात रीतच तशी होती. मामानं मांडीवर घेऊन खीर चाटवायची, मगच बाळानं अन्न खायचं.

सहा महिने भरले तशी गावची सुईण घरी डोकावली. म्हणाली, "पोरी, आता नुसतं दूध पुरायचं नाही हिला. अंगावर पाजत राहा, पण जोडीला मऊ भात, घट्ट वरण, वर थोडं तूप, असं दिवसातून दोन-तीनदा भरवायला लाग."

"भाऊ येऊ दे की मावशी. त्याचा मान आहे."

"येईल तेव्हा सोहळा करा. जेवायला मात्र आज घाल."

विणकरणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मागावरून न उठताच म्हणाला, "थोडेच दिवस तर आहेत. तुझ्या माहेरचा मान आपण कशाला मोडायचा?" सुईण पदर सावरत उठली आणि गेली.

थोडे दिवस म्हणता म्हणता महिने झाले. आधी एका बैलाचा पाय मोडला म्हणून तांडा अडकला, मग पावसानं घाट बंद झाला. मुलगी आता रांगत यायची आणि आईच्या ताटातल्या भाकरीला हात घालायची. आई तो हात हळूच बाजूला करायची. "थांब गं बाई, मामा येईल." तिला पोरीची भूक दिसत नव्हती का? दिसत होती. म्हणून तर ती भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली.

मग एक दिवस मुलीनं हात पुढे करणंच सोडलं. रडणंही कमी झालं. शेजारणी म्हणाल्या, "किती शांत पोर आहे हो." पोर शहाणी झाली, असं त्या माउलीला वाटलं.

दहाव्या महिन्यात मामा आला. बैलांवरचं मीठ न उतरवताच तो बहिणीच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उष्टावण ठरलं. भाचीला मांडीवर घेतलं तेव्हा तो चपापला. पोर दहा महिन्यांची आणि भार जेमतेम पाच महिन्यांचा. त्यानं खिरीचं बोट तिच्या ओठांना लावलं. तिनं जरासं चाटलं आणि दमून डोळे मिटले.

त्या दिवसापासून आई तिला मांडीवर घेऊन तास न् तास भरवत बसली. पण आठवड्याभरात गावात तापाची साथ आली. आळीतली सगळी मुलं तापली आणि चार दिवसांनी उठून खेळायला लागली. ही उठली नाही. तापाशी झुंजायला तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

भाऊ ओसरीवर डोकं धरून बसला होता. बहिणीला म्हणाला, "अगं, मान माझा होता. भूक तर तिची होती. माझी वाट कशाला बघितलीस?" विणकरानं पुढे कित्येक दिवस मागाला हात लावला नाही.

वर्षभरानं शेजारच्या सुनेचा मुलगा सहा महिन्यांचा झाला. त्याचा मामाही परमुलखात होता. विणकरीण वाटीत वरणभात कालवून त्यांच्या दारात गेली.

सासू म्हणाली, "अजून उष्टावण व्हायचंय त्याचं."

विणकरीण उंबऱ्यावरून हलली नाही. "मामा रागावला तर मी त्याच्या पाया पडेन," ती म्हणाली. "तुम्ही याला आज भरवा."

तात्पर्य एवढंच: सहा महिने भरले की बाळाला आईच्या दुधाच्या जोडीनं रोज सकस अन्न हवं. सोहळा थांबू शकतो, वाढतं लेकरू थांबू शकत नाही.