सटवाचा वाटा

फार वर्षांपूर्वी, नदी ओलांडायला अजून नावच लागायची तेव्हा, बाभूळठाणाच्या जत्रेला हरिबा शाहिराचा तमाशा येई. हरिबानं ओळ सोडली की तिचा सूर संपतच नसे. उशिरा निघालेली बैलगाडी शिवेवर पोचली तरी तोच सूर चालू असे. दमलेले बगळे त्या सुरावर टेकून पुढं जात, असं म्हणतात.

पण तो सूर हरिबाचा नव्हता. त्याच्या मागं सटवा झीलकरी उभा असे. शाहिराची ओळ जिथं संपेल तिथं तिचा सूर उचलायचा आणि ताणून धरायचा, हे झीलकऱ्याचं काम. मागं उभ्या माणसाला कोण बघतो?

गाव फडाला ज्वारी देई. फडमालक रावबा तिचे वाटे घाली. शाहिराला सात, झीलकऱ्याला अर्धा. एके वर्षी सटवाची छाती दुखायला लागली.

"मालक, औंदा पुरा वाटा द्या," तो म्हणाला. "घरी पडून राहतो थोडं. नाहीतर मी टिकत नाय."

"लोक तुझं थोबाड बघायला येतात काय रे?"

"थोबाड नाय बघत. ऐकून मात्र मलाच जातात."

सगळे हसले. हरिबाही हसला. मालकाला ते लागलं. "मग आज पल्याड जाऊन बस. बघू कुणाचं अडतंय."

सटवा नावेत बसला आणि पलीकडच्या वाळूत जाऊन बसला.

सांजेला हरिबानं पहिली ओळ सोडली. ती ओल्या धोतरासारखी खाली पडली. त्यानं मागं वळून पाहिलं. सटवाची जागा रिकामी होती.

तेवढ्यात पलीकडून सूर उठला. सटवाला राहवलं नाही. पडलेली ओळ त्यानं तिथूनच उचलली. सूर पाण्यावरून चालत आला. त्याच्याखाली नदी थांबली, मासे वर येऊन निजल्यासारखे राहिले, चांदण्या खाली वाकल्या, असं म्हणतात.

हरिबा गाणं टाकून पलीकडं गेला. वाळूत फक्त सटवाचा फेटा होता. परत जाणारा पावलाचा ठसा नव्हता. सूर मात्र चालूच होता.

वाटणीला मालकानं शाहिराला हाक मारली. हरिबा सगळ्यांच्या मागं जाऊन बसला.

"आधी मागच्यांचं होऊ द्या. सारखं. सटवाचंबी काढा. मी शेवटी."

"आणि उरलं नाय तर?"

"तर मी गायलोच नाय असं समजा."

तेव्हापासून बाभूळठाणात वाटणी मागून सुरू होते. सटवाचाही पुरा वाटा काढतात. मागं उभं राहणारं जे कोणी आजारी असेल, त्याच्या घरी तो पोचवतात.

यंदा तो आमच्या घरी आला. माझा दादा मागंच उभा राहायचा. वाटा आला तेव्हा दादा जाऊन चार दिवस झाले होते.

आईनं ज्वारीला हात लावला नाही. आधी विचारलं, "शाहिरानं घेतला का त्याचा वाटा?"

"नाही, काकू. तुमचा झाल्यावर," वाटा घेऊन आलेला पोरगा म्हणाला.

मग तिनं पदर पुढं केला.