बांधावरचा पहारा

बेडूक-खेकड्यांचीही गावकी भरायची, त्या काळची गोष्ट. शेजारचं तळं आटलं आणि तिथले बेडूक बांध चढून या तळ्यात येऊ लागले. इथला राखणदार होता नांगोबा खेकडा. त्याला हे मुळीच खपेना.

"आज चार आलेत, उद्या चाळीस येतील. तळं पिऊन टाकतील मेले!" तो गावकीत म्हणाला. पलीकडची चाहूल लागावी म्हणून त्याने बांधाला आरपार बीळ पाडलं आणि त्यात डोळे ताणून बसला. एका बिळातून सगळं दिसेना, म्हणून आणखी तीन पाडली.

आठ दिवसांत तळ्याचं पाणी वीतभर उतरलं.

"बघा! मी काय सांगत होतो?" नांगोबा कडाडला. गावकीने त्याच दिवशी पाहुण्यांना हुसकून लावलं. जाता जाता एक म्हातारी बेडकी त्याच्यापाशी थबकली.

"नांगोबा, आमच्या तळ्यालाही असाच जागता राखणदार होता हो."

'हिच्या बोलण्यात काहीतरी काळंबेरं आहे,' नांगोबाने मनाशी म्हटलं.

पाहुणे गेले, तरी पाणी उतरतच राहिलं. म्हणजे कोणीतरी आत लपलंय, नाहीतर चोरून येतंय! नांगोबाने बांधाच्या पार तळाशी पाचवं बीळ पाडलं आणि त्यात ठाण मांडलं. त्याच्या पायांमधून तळ्याचं पाणी झुळझुळ बाहेर चाललं होतं. त्याचे डोळे मात्र पलीकडे लागले होते, आत कोण येतंय ते बघायला.