कीबोर्डला हवेत माइकचे लाड

टेपची रिळं फिरायची त्या काळी एका स्टुडिओत माइक, कीबोर्ड आणि मिक्सर राहत. माइकचा आवाज इवलासा, म्हणून मिक्सर माइकच्या सॉकेटमधून आलेला आवाज कितीतरी पट वाढवून स्पीकरकडे धाडायचा. कीबोर्ड फुरंगटला आणि आपल्या केबलला म्हणाला,

"सगळे लाड त्याचेच! मलाही माइकच्याच सॉकेटमध्ये जोड."

"अरे, तुझा आवाज मुळातच दांडगा आहे," केबल म्हणाली.

"तू जोड गं!"

केबलने जोडलं. कीबोर्डने एकच सूर लावला आणि स्पीकर असा भसाड्या आवाजात किंचाळला, की गायिका वत्सलाबाई कानांवर हात ठेवून बाहेर पळाल्या.

"माझा सूर कुठे गेला?" कीबोर्ड रडकुंडीला आला.

मिक्सर म्हणाला, "बाळा, माइकला मी कडेवर घेतो, कारण त्याचा हात खिडकीला पोचत नाही. तुला घेतलं, तर तुझं डोकं छताला आपटणारच."