चटका न बसणारे पाय

“मग ही सिद्धी नाही, तर काय आहे अप्पा?”

इरण्णाचा आवाज मठाच्या ओसरीभर घुमला. वीरभद्राच्या यात्रेत निखाऱ्यांच्या चरातून सगळ्यांत आधी चालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. आज दिवस मावळताना तो पुन्हा चरात उतरणार होता. त्याआधी मठाच्या स्वामींकडून, अप्पांकडून, त्याला एकच शब्द ऐकायचा होता... सिद्ध.

अप्पा समईच्या वाती वळत होते.

“चटका अजिबात बसत नाही?”

“तीन वर्षं झाली. निखारा म्हणजे ओली माती.”

“आणि त्याआधी?”

“पायांना मुंग्या यायच्या. तळवे जळायचे. तेव्हाच ओळखलं, देव अंगात शिरतोय.”

“साखर कधीपासून आहे रे तुला?”

इरण्णाला हा प्रश्न आवडला नाही.

“असेल चौदा वर्षं. देव पायांत उतरला तेव्हापासून गोळ्या सोडल्या. दवाखान्यातल्या बाई आपल्या बडबडतात... साखर ताब्यात ठेव, बिडी सोड, पोट कमी कर, नाहीतर पायाच्या नसा मरतील. त्यांना काय ठाऊक, हे पाय कुणाचे आहेत!”

“बिड्या किती?”

“बंडल संपतं दिवसाला. तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू?”

“एवढा खरा आहेस, हे बरं आहे,” अप्पा हसले.

मग ते उठले, आणि वाकून त्यांनी इरण्णाच्या पायाला हात लावला.

इरण्णाचा ऊर भरून आला. गुरू शिष्याच्या पाया पडतोय! त्याने डोळे मिटून घेतले...

“उघड डोळे.”

अप्पांच्या चिमटीत बाभळीचा काटा होता. बोटाच्या पेराएवढा, रक्ताने माखलेला.

“हा कुठला?”

“तुझ्या टाचेतला. आत्ता उपसला.”

इरण्णाने मागे वळून पाहिले. पायरीपासून ओसरीपर्यंत तांबडे ठिपके उमटत आले होते.



अप्पांनी जखम धुतली, स्वच्छ फडके बांधले. मग त्याच्या अंगठ्याला चिमटा काढला. काही नाही. तळव्याला. काही नाही. घोट्याला... इरण्णाच्या कपाळावर घाम फुटला. अप्पांची बोटे सावकाश वर सरकली.

“आई गं!”

“वा रे वा!” अप्पांचा चेहरा उजळला. “अजून पुष्कळ उरला आहेस की! ऊठ, आधी त्या बाईंना पाय दाखव. आणि अनवाणी जाऊ नकोस. ती माझी पायताणं घाल.”

इरण्णा पोटरी चोळत राहिला. कितीतरी दिवसांनी काहीतरी दुखले होते. त्याला हसू आले, आणि डोळ्यांत पाणीही.

देवळाकडे हलगी वाजू लागली. पायताणे चढवून तो उंबऱ्यापाशी थबकला.

“अप्पा... आजचा मान मग कुणाला देऊ?”

अप्पांनी पुन्हा कापूस हाती घेतला.

“जो चटक्याला भितो, त्याला दे.”