तिसरा बार

एक नदी होती आणि तिच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. नदी काही फार रुंद नव्हती. अलीकडच्या बाईने कपडे आपटले की पलीकडच्या बाईला ऐकू जाई. पण या दोन राज्यांचं कितीतरी वर्षं वैर होतं. कशावरून सुरू झालं ते नीट सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. गावं मात्र जळत होती आणि माणसं मरत होती.

शेवटी दोन्ही राजे थकले. तह झाला. तहानंतरचा पहिला उत्सव नदीच्या अलीकडच्या वाळवंटात करायचा, पलीकडच्या लोकांना होड्यांनी बोलवायचं, एकत्र जेवायचं, असं ठरलं.

अलीकडच्या राज्यात हैबती नावाचा एक आतषबाज राहायचा. शोभेची दारू करण्याचं काम त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. त्याचा आजा सांगायचा, "आपल्या वाडवडिलांना दारू ठाऊकच नव्हती. ते हिरवे बांबू शेकोटीत टाकायचे. बांबूचं पेर तापलं की फट्‌दिशी फुटायचं आणि वाघरू गावाकडे फिरकायचं नाही. मग कोण्या दूरच्या व्यापाऱ्याकडून सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र कुटायची विद्या आली. आपल्या माणसांनी ती बांबूच्या नळ्यांत ठासली. भीती घालवायला केलेला आवाज लग्नात, रथाच्या मिरवणुकीत, देवीच्या जत्रेत वाजायला लागला."

आजा इथवरच सांगायचा. पुढचं हैबतीने स्वतः पाहिलं होतं. लढाई पुन्हा पेटली तेव्हा राजाने त्याच नळ्यांना लोखंडी टोकं बसवून मागितली. हैबती आणि त्याची बायको तान्हूबाई भुईनळे सोडून लढाईचे बाण भरू लागली. बाण सुटायचे, नदीवरून सुंईऽऽ करत जायचे आणि पलीकडे पडायचे. हैबती अलीकडे उभा राहून ते वर कसे चढतात एवढंच बघायचा. मग पुढचा बाण लावायचा.

तह झाला तेव्हा हैबतीइतका आनंद कोणालाच झाला नसेल. राजाने त्याला बोलावून घेतलं.

"हैबती, अशी आतषबाजी कर की पैलतीरावरच्यांना जन्मभर आठवली पाहिजे. आणि आधी बोलायचं नाही हं कुणाला. पाहुण्यांना एकदम चकित करायचं."

"रंग कोणते हवेत, महाराज?"

"रंग असू देत. पण आवाज हवा! आपण तह केला तो दुबळे म्हणून नाही, हेही कळू दे त्यांना."

हैबती घरी आला तो हवेतच. आजवर मनात असलेला एक गोळा त्याला करायचा होता. घागरीएवढा गोळा, आभाळात उंच जाऊन फुटणारा. फुटताना असा गडगडेल की डोंगर हलतील, आणि मग सोन्याच्या पिंपळासारखा पसरेल. बापाला तो साधला नव्हता. हैबतीने आणि तान्हूबाईने उन्हाळाभर दारू वाळवली, हिवाळाभर कागदाचे थर चढवले. त्याचं नावही हैबतीने ठेवलं, मेघराज.

उत्सवाचा दिवस उजाडला. दुपार कलल्यावर पलीकडून होड्या निघाल्या. पहिल्या होडीत त्यांचा राजा आणि सेनापती. मागच्या होड्यांत म्हातारी माणसं, बाया, कडेवरची पोरं. सगळे नवे कपडे घालून आले होते, पण बसले ते होड्यांजवळच, पाण्याकडे पाठ करून. जेवणं झाली. वाढणारे आग्रह करत होते, जेवणारे मान हलवत होते. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. दोन्हीकडच्या शिपायांनी तलवारी कमरेलाच ठेवल्या होत्या.

दिवेलागण झाली. वाळवंटाच्या टोकाला हैबतीने आणि तान्हूबाईने गोळे उडवायच्या लोखंडी उखळ्या वाळूत गाडल्या होत्या. दोन लहान, मधली मोठी. मोठीत मेघराज. राजा आपल्या सरदारांना घेऊन तिथेच मागे येऊन उभा राहिला.

"कर सुरू. आणि सुरुवातच दणक्यात होऊ दे."

हैबतीने पहिल्या उखळीची वात पेटवली. गोळा वर गेला, आणि धाड्‌दिशी बार उडाला. आभाळ लाल झालं. अलीकडच्या लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या.

हैबतीने पाहुण्यांकडे पाहिलं नाही. कारागिराची नजर वरच असते. त्याने लगेच दुसरी वात पेटवली. दुसरा बार पहिल्यापेक्षा मोठा होता. वाळू थरथरली. टाळ्या पुन्हा झाल्या, पण त्यांच्या खालून दुसराच काही आवाज येत होता. हैबतीने मान वळवली.

पैलतीरावरून आलेली माणसं बसलेली नव्हती. काही वाळूत पालथी पडली होती, डोक्यावर हात घेऊन. एक म्हातारा चारही हातापायांवर पाण्याकडे सरपटत होता. होड्यांकडे एकच धाव उठली होती. एका होडीत इतकी माणसं चढली की तिची कड पाण्याला टेकली. पोरं किंचाळत होती.

"घाबरले! घाबरले!" एक सरदार हसला. त्याचं बघून दुसरे हसले.

आणि मग हैबतीला ती बाई दिसली. पंचवीस-तीस पावलांवर असेल. तिने आपल्या लहान मुलीला वाळूत निजवलं होतं आणि स्वतः तिच्यावर ओणवी झाली होती. दोन्ही हातांनी तिने पोरीचे कान झाकले होते, पदराने डोळे. ती ओरडत नव्हती की इकडेतिकडे बघत नव्हती. कुठे दबून राहायचं, कसं राहायचं, हे तिला पाठ होतं. अशी ती कितीदा तरी दबून राहिली असणार.

 हैबतीने वर्षानुवर्षं नदीपलीकडे आग पाठवली होती. ती पोचली की तिथे काय होतं, ते तो आज पहिल्यांदा पाहत होता.

"थांबलास का?" राजा म्हणाला. "मेघराज लाव."

पाहुण्यांच्या सेनापतीने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला होता. ते बघून अलीकडच्या शिपायांनीही मुठी आवळल्या. कोणी एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी तह तिथेच वाळूत सांडला असता.

"महाराज," हैबती म्हणाला, "हा नको."

"काय?"

"ते भ्यालेत. बघा ना, होडी बुडेल त्यांची."

"अरे, एकदा वर सोनं पसरलेलं दिसलं की भीती जाईल. तूच म्हणाला होतास ना, तुझ्या बापाला जमलं नाही ते केलंय म्हणून?"

 खरं सांगायचं तर हैबतीच्याही मनात तेच आलं होतं. एकदा फुटू दे. एकदा दिसू दे सगळ्यांना. अशी संधी पुन्हा कुठली? त्याच्या हातातला पेटता काकडा खाली झुकलासुद्धा. पण समोर ती बाई तशीच होती. ती वाट बघत होती. तिसऱ्याची.

त्याने काकडा मागे घेतला. "नाही महाराज. माझ्याच्याने नाही व्हायचं."

सरदारांपुढे नकार ऐकायची राजाला सवय नव्हती. त्याने हैबतीच्या हातातून काकडा हिसकावला आणि मेघराजाच्या वातीला टेकवला.

वात सरसरत पेटली. ती हैबतीनेच वळली होती, विझू नये अशी. वाऱ्याने विझणार नव्हती की थुंकीने विझणार नव्हती. ठिणगी उखळीच्या तोंडाकडे धावत सुटली.

"व्हा मागे!" तान्हूबाई ओरडली.

हैबती मागे झाला नाही. त्याने उजव्या हाताने ती पेटती वात मुठीत धरली. कातडं चरचरलं. मुठीतही ती जळतच होती, बोटांच्या फटींतून ठिणग्या बाहेर पडत होत्या. त्याने दात आवळले आणि सगळा जोर लावून वात मुळासकट उपटली. हातभर दोरी बाहेर आली. ती त्याने लांब वाळूत फेकली आणि तान्हूबाईने जवळची पाण्याची घागर उखळीत उपडी केली. आतून फस्स असा आवाज आला. उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची मेहनत चिखल होऊन गेली.

"धरा त्याला!" राजा गरजला.

पण शिपाई जागचे हलले नाहीत. हैबती राजाकडे पाठ करून चालू लागला होता, पाहुण्यांच्या दिशेने, जळलेला हात समोर धरून. असं भर वाळवंटात, दोन्हीकडच्या तलवारींच्या मधून चाललेल्या माणसाला धरायचं कसं, ते कोणालाच कळेना.

त्या बाईपासून थोड्या अंतरावर तो थांबला आणि वाळूत बसला. जवळ गेला नाही. मागून तान्हूबाई आली. तिने एक भुईनळा वाळूत रोवला.

"बाई," हैबती हळू म्हणाला, "आता आवाज होणार नाही."

बाईने मान वर केली नाही. "मघाशी पण कोणी सांगितलं नव्हतं."

"सांगायला हवं होतं. चुकलं आमचं."

"अजून किती आहेत?"

"एकच होता. विझवला."

तेव्हा तिने पाहिलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग त्याच्या हाताकडे. तळवा काळा पडला होता आणि बोटं मिटत नव्हती. ती उठली, पाण्याशी गेली, पदर भिजवून घेऊन आली आणि त्याच्या हातावर पिळला.

"लावू का?" तान्हूबाईने भुईनळ्याकडे बोट दाखवून विचारलं. "नुसता उजेड आहे."

बाईने पोरीला जवळ घेतलं. तिचे कान झाकले. मग म्हणाली, "लाव."

भुईनळा पेटला. सोनेरी कारंजं वर चढलं, आणि त्याचा आवाज पावसाच्या सरीएवढाच होता. होडीतले लोक वळून बघू लागले. सरपटणारा म्हातारा वाळूतच बसून राहिला. पोरीने आईचे हात कानांवरून काढले.

"आई, हे पडत का नाही आपल्यावर?"

 तान्हूबाईने उत्तर दिलं, "हे पडण्यासाठी केलेलं नाही गं."

तोवर पाहुण्यांचा सेनापती चालत पुढे आला होता.  त्याने तलवार सोडून वाळूत टाकली आणि अलीकडच्या राजासमोर हात जोडले.

"महाराज, माझ्या राजालाही ठाऊक नाही असं एक सांगायचं आहे. माझा तुमच्यावर विश्वास नव्हता. निघताना पलीकडच्या टेकडीमागे मी तोफा भरून ठेवल्या. गोलंदाजांना सांगून आलो, की तिसरा बार ऐकू आला की दगा झाला असं समजा, आणि आमची पर्वा न करता या वाळवंटावर मारा करा." त्याने उखळ्यांकडे पाहिलं. "दोन झाले होते, महाराज."

 राजाने मागे वळून पाहिलं. तिथे त्याची राणी बसली होती, राणीच्या मांडीवर नातू झोपला होता, आणि सगळं गाव बसलं होतं. मग त्याची नजर विझलेल्या उखळीवर गेली. पलीकडचा राजा आपल्या सेनापतीवर संतापून पुढे झाला, पण अलीकडच्या राजाने त्याला हाताने अडवलं.

"त्याला नका बोलू," तो म्हणाला. "माझेही घोडेस्वार त्या आमराईमागे उभे आहेत."

सेनापतीने होडीतून मशाल हलवून खूण केली. पलीकडच्या टेकडीवर उत्तरादाखल एक मशाल हलली. आमराईमागून घोडेस्वार बाहेर आले, ओशाळे होऊन खाली उतरले. जेवणाची पानं अजून शिल्लक होती, त्यांनाही बसवलं.

त्या संध्याकाळी पुन्हा एकही बार उडाला नाही. तान्हूबाईने एकामागून एक भुईनळे लावले, चंद्रज्योती लावल्या. पैलतीरावरच्या बाया हळूहळू पुढे सरकल्या. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. त्यांना कोणी आग्रह केला नाही.

राजा हैबतीजवळ येऊन वाळूत बसला. 

"मेघराज पुन्हा करशील?" त्याने विचारलं.

हैबतीने हाताकडे पाहिलं. "हा हात आता ठासणीचं काम करायचा नाही, महाराज."

"मीच केलं ते."

"वात तुम्ही लावलीत. पण मीही लावणारच होतो, अगदी शेवटपर्यंत." हैबती म्हणाला. "मला वाटायचं, माझं काम वर पाठवण्याचं आहे. खाली कोण आहे ते बघायचं माझ्या कामात येत नाही."

हैबतीची बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. दारू भरायचं काम तान्हूबाईने हाती घेतलं आणि हैबती तिच्या शेजारी बसून मिश्रण सांगू लागला. त्यांनी आवाजाचे गोळे केले नाहीत असं नाही. लोकांना ते आवडतात, जत्रांना लागतातही. पण हैबतीने राजाकडून एक रीत मात्र घालून घेतली.

अजूनही त्या नदीवर उत्सव असला की उजेड असतानाच एक होडी पलीकडे जाते. होडीतला माणूस घरोघर विचारतो, की आज बार उडणार आहेत, तुमच्यात कोणी आजारी आहे का, कोणी ओली बाळंतीण आहे का, कोणी आवाजाला भिणारं आहे का. एखाद्या घरातून "आज नको" असं आलं, तर त्या दिवशी नुसते भुईनळे लागतात. होडी परत येईपर्यंत आतषबाज वातीला हात लावत नाही.

तात्पर्य: आपला आनंद आभाळात सोडण्याआधी तो शेजाऱ्याच्या घरात कसा ऐकू येईल, हे त्याला जाऊन विचारावं.